एका अक्षराची दिलगिरी

'सविता बोराडे यांच्याकडून शाळेत अपहार.'

दैनिक 'दिवटी'च्या निफाड पानावर हा मथळा आला तेव्हा मी सातवीत होते. सविता बोराडे म्हणजे माझी आई. निफाड तालुक्यातल्या एका गावात ती विज्ञान शिकवायची. आम्ही राहायचो एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत, कारण बाबांची नोकरी तिथली. स्वातंत्र्यदिनाला आईनं हौसेनं सगळ्या शाळेला जिलबी आणि चिवडा दिला होता. गावच्या वार्ताहरानं पाठवलेली बातमी होती 'शाळेत उपहार'. छापताना 'उ'चा 'अ' झाला. मराठी कळफलकावर या दोन अक्षरांच्या मध्ये फक्त 'इ'ची कळ असते, हे मी पुढे शाळेच्या संगणकावर जाऊन पाहून आले.

मथळ्याखाली चार-पाच ओळी होत्या. मुलांना जिलबी देण्यात आली, मान्यवर उपस्थित होते, कार्यक्रम आनंदात पार पडला. सगळं बरोबर. वर अपहार आणि खाली आनंद. पण मथळ्याखालचं कोण वाचतं?

संस्थेनं चौकशी केली. निघण्यासारखं काही नव्हतंच. तरी मुख्याध्यापिकेची जी जागा आईला मिळणार होती ती "वातावरण जरा निवळू द्या" म्हणून दुसऱ्याला गेली. वातावरण काही निवळलं नाही. शिक्षकांच्या खोलीत पेढे आले की गोटीराम शिपाई दारातून ओरडायचा, "बोराडे बाई आल्या, डबा झाका रे!" मुलं मागून 'अपहार मॅडम' म्हणायची. त्यांतल्या निम्म्यांना शब्दाचा अर्थही माहीत नसेल. एका लग्नात वाढप्यानं तिच्या ताटाशी थांबून विचारलं, "मॅडम, मोजून वाढू का? नाय, नंतर कमी नको पडायला." पंगत हसली. आईसुद्धा हसली. त्यानंतर तिनं जिलबीला हात लावला नाही, आणि पुढे नोकरीही सोडली.

पण त्याआधी, मथळा आला त्याच आठवड्यात, ती मला घेऊन 'दिवटी'च्या कचेरीत गेली होती. गोरक्षराव तिडके हे मालक, प्रकाशक आणि संपादक. सगळं नाशिक त्यांना अण्णा म्हणायचं. त्यांनी आईसाठी चहा आणि माझ्यासाठी बिस्किटं मागवली. कात्रणाच्या मथळ्यावर नजर टाकली आणि हसले.

"अरेच्चा! उपहाराचा अपहार झाला की. मजाच आहे."

"अण्णा, गावात माझी नाचक्की झालीय," आई म्हणाली. "दोन ओळींची दिलगिरी छापा. दुसरं काही मागत नाही मी."

"बाई, 'दिवटी' दिलगिरी छापत नाही. पहिल्या अंकापासूनचा नियम आहे. आज एक छापली की उद्या वाचक प्रत्येक ओळीवर बोट ठेवणार. त्यापेक्षा असं करा, शाळेत काहीतरी चांगलं करा. वृक्षारोपण वगैरे. फोटोसकट छापतो."

"चांगलंच केलं होतं. तेच छापताना हे झालं."

"अहो, एका अक्षराचं काय घेऊन बसलात? एका अक्षरानं काय होतं?"

माझ्या तोंडात बिस्किट होतं. मी ते गिळलं नाही. जिन्यात आल्यावर कोपऱ्यात थुंकून टाकलं. आईनं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच अशा गोष्टीवर ती मला रागावली नाही.

ही दिलगिरी मी घेणार, हे मी त्या जिन्यातच ठरवलं. लहान मुलं असं बरंच काही ठरवतात आणि विसरतात. मी विसरले नाही. उलट शिकत गेले तसा तो राग नेटका होत गेला.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी एका खाजगी प्रयोगशाळेत लागले. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत फवारणीच्या औषधांचा किती अंश उरलाय ते आम्ही तपासतो. दशांशचिन्ह एक घर सरकलं तर अख्खा कंटेनर बंदरावरून परत येऊ शकतो. आमच्याकडेही चुका होतात. झाली की सुधारित अहवाल निघतो. त्यावर जुन्या अहवालाचा क्रमांक असतो आणि नेमकं काय चुकलं होतं ते लिहिलेलं असतं. त्यात कुणाला लाज वाटत नाही. पहिल्यांदा असा अहवाल हातात आला तेव्हा मला आईच आठवली. द्राक्षांच्या घडाला जे मिळतं, ते तिला मिळालं नव्हतं.

गेल्या वर्षी अण्णा राज्यपाल झाले. दूरच्या एका लहानशा राज्याचे. पेपर मुलाच्या, योगेशच्या हातात देऊन ते गेले, आणि मग 'दिवटी'त रोज फोटो यायला लागले: अण्णा रोप लावताना, अण्णा फीत कापताना, अण्णा सलामी घेताना. मी सगळे बघायची. एक व्हिडिओ मात्र 'दिवटी'त आला नाही. तिकडच्या विधानसभेत त्यांचं अभिभाषण चालू होतं. कुणीतरी चुकून एकच पान दोनदा लावलं होतं. अण्णांनी ते दोन्ही वेळा सारख्याच जोशात वाचलं, "माझे शासन" म्हणताना दोन्ही वेळा तेच बोट वर करून. समोर आमदार हसून वाकले होते. अण्णा वाचत होते.

तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. हा माणूस पुढची ओळ आधी बघत नाही, असं माझं अनुमान होतं.

डिसेंबरात अण्णांचा नाशिकला नागरी सत्कार ठरला. सत्कार समितीचे सचिव होते माझे कॉलेजातले गायधनी सर. अण्णांच्या राजभवनातल्या कुणालाच मराठी येत नव्हतं, त्यामुळे भाषण इथेच तयार करायचं होतं. सरांना माझं टायपिंग माहीत होतं. माझा प्रबंध त्यांनी वाचला होता आणि त्यात एकही चूक सापडली नाही म्हणून चिडलेही होते.

"निकिता, दोन दिवस देशील का? मोठ्या माणसाजवळ बसायला मिळेल."

"देते की सर," मी म्हणाले.

विश्रामगृहात अण्णा खिडकीशी बसले होते. दाराजवळ पांढऱ्या गणवेशातला एडीसी, म्हणजे त्यांच्या दिमतीचा अधिकारी. अण्णा वाळले होते, आवाज मात्र तसाच. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

"पोरी, टाइप मोठा ठेव. ओळ मधेच तोडू नको. तिकडं फार छान करून देतात. पान उलटायचं तेवढं माझं काम."

"वाचायच्या आधी एकदा नजर टाकता का, साहेब?"

"कशाला? देतील ते वाचायचं. स्वल्पविरामसुद्धा बदलायचा नाही. राज्यपालाला स्वतःचं वाक्य नसतं, बाळ." मग ते माझ्याकडे वळले. "इथलं मात्र माझं असू दे. घे लिहून."

मी लिहून घेऊ लागले. लहानपणची गोदावरी, सायकलवरून टाकलेले पहिले अंक, छपाईयंत्राचा आवाज. तोवर माझ्या डोक्यात काहीच ठरलेलं नव्हतं. जवळ जायचं आणि बघायचं, एवढंच. मग त्यांनी हात वर केला आणि सभेतल्यासारखं म्हणाले, "रोज सकाळी, चहाच्या आधी, माझ्या हातून या शहरात सत्याचा उपहार घडला."

माझं पेन थांबलं.

"काय झालं? आवडलं नाही?"

"छान आहे," मी म्हणाले. "साहेब, 'दिवटी'नं कधी दिलगिरी छापलीय का हो?"

"एकदाही नाही!" ते खूश झाले. "बरं आठवलंस. तेही घाल. 'आणि त्याबद्दल "दिवटी"ने आजवर एकदाही दिलगिरी छापलेली नाही.' हे त्याच्या पाठोपाठच घाल. टाळ्या येतील."

"पण चुका तर झाल्या असतील ना?"

"झाल्या असतील. छापल्या नाहीत म्हणजे झाल्या नाहीत."

गायधनी सर हसले. राज्यपाल विनोद करतात तेव्हा हसायचं असतं.

"आडनाव काय म्हणालीस?"

"बोराडे."

"निफाडकडचे का?"

"आई शिकवायची तिकडे. शाळेत."

"वा, वा," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मुद्दाम वेळ दिला. त्यांना तेव्हा आठवलं असतं तर तो 'उ' मी बहुतेक तसाच ठेवला असता.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे गायधनी सरांनीच शिकवलेलं. सत्काराच्या आदल्या दिवशी एका विज्ञान प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. पाच-सहा वाक्यांचं भाषण मीच टाइप केलं आणि त्यात 'धरण'चं 'धोरण' केलं. अण्णांनी खणखणीत आवाजात वाचलं, "गंगापूर धोरण भरलं की नाशिककर निश्चिंत होतो." पहिल्या रांगेतल्या मुलींनी एकमेकींना कोपर मारलं. अण्णा पुढच्या वाक्यावर गेले होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा मी शांत होते.

सत्काराच्या भाषणाची प्रत सरांनी चाळली. "सुरेख," म्हणाले. त्या ओळीवरून त्यांचे डोळे सरळ निघून गेले. ते अर्थ वाचत होते आणि अर्थ ठरलेला होता, त्यामुळे अक्षर दिसलंच नाही. अण्णांचं उलट होतं.

सभागृह भरलं होतं. पुष्पहार, फेटा, मानपत्र. मी विंगेत उभी होते. माझ्या जागेवरून अण्णांचा फक्त कान आणि पान उलटणारा हात दिसत होता. गोदावरी झाली, सायकल झाली. मग हात वर गेला.

"रोज सकाळी, चहाच्या आधी, माझ्या हातून या शहरात सत्याचा अपहार घडला."

कुणीतरी खोकलं.

"आणि त्याबद्दल 'दिवटी'ने आजवर एकदाही दिलगिरी छापलेली नाही!"

अण्णा टाळ्यांसाठी थांबले. भाषणात तिथं थांबायची खूण मीच केली होती. आधी शांतता होती. मग मागच्या रांगेतून एकजण हसला, मग दहाजण, आणि मग टाळ्या आल्या. सत्काराच्या टाळ्या अशा नसतात. शिट्टीसुद्धा वाजली. अण्णांनी हात जोडून त्या स्वीकारल्या. पहिल्या रांगेत योगेश खुर्चीतून अर्धवट उठला होता, आणि त्याला ना धड बसता येत होतं ना उभं राहता. मी त्याच्याकडे पोटभर पाहून घेतलं.

सकाळी बाकीच्या पेपरांत एकच मथळा होता: 'माझ्या हातून सत्याचा अपहार – राज्यपाल तिडके'. खाली सत्काराची सविस्तर आणि अगदी अचूक बातमी होती. ती कुणी वाचली नसणार.

विश्रामगृहात मला बोलावणं आलं. अण्णा खिडकीशी, योगेश येरझाऱ्या घालत, गायधनी सर कोपऱ्यात पडलेल्या चेहऱ्यानं.

"हीच का ती?" योगेश म्हणाला. "अण्णा, पोलिसात देऊ हिला."

"आणि काय सांगशील त्यांना?" अण्णा खिडकीबाहेरच बघत होते. "राज्यपाल न बघता वाचतात, असं? ती दुसरी बातमी होईल."

योगेश माझ्याकडे वळला. "ही टायपिंगची चूक होती असं लिहून दे. आत्ताच्या आत्ता. आम्ही खुलासा छापतो."

"लिहून देते," मी म्हणाले. "पण खुलासा नाही, दिलगिरी छापायची. 'दिवटी'त, पहिल्या पानावर. आणि त्याच चौकटीत आधीची आधी."

"आधीची कुठली?"

मी कात्रण अण्णांच्या समोर ठेवलं. त्यांनी ते उचललं, लांब धरलं, मग जवळ आणलं. ओठ हलत होते पण आवाज नव्हता. कागद आधी वाचून मग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"जिलबी," ते म्हणाले. मग कात्रण हातात तसंच धरून, "त्या बाईंबरोबर एक मुलगी होती. बिस्किट खात होती."

"खाल्लं नव्हतं."

"एका अक्षरासाठी एवढं केलंस?"

"एका अक्षरानं काय होतं, असं तुम्हीच विचारलं होतं. तेव्हा मला सांगता आलं नाही."

"अण्णा, हिचं काही ऐकू नका," योगेश म्हणाला. "आपला नियम आहे. पहिल्या अंकापासूनचा—"

"नियम आता तुझा आहे. मी मालकही नाही आणि संपादकही नाही." अण्णांनी कात्रण खाली ठेवलं. "दिल्लीहून फोन आलाय मला. संध्याकाळपर्यंत निस्तरा म्हणाले. छाप."

"पण—"

"छाप म्हणतोय ना! बस रे पोरी. मजकूर सांगतो, लिही."

"नको, साहेब," मी पर्समधून कागद काढला. "मजकूर मी आणलाय. तुम्ही फक्त वाचा. मोठ्यानं. तुम्हाला सवय आहे."

गायधनी सरांनी मान खाली घातली. एडीसीला भाषा कळत नव्हती, पण त्यानंही दुसरीकडे पाहिलं. टाइप मोठा होता, ओळ कुठे तोडलेली नव्हती. अण्णांनी वाचायला सुरुवात केली. "'दिवटी'च्या निफाड पानावर सविता बोराडे यांच्याविषयी..." त्यांचा आवाज सभेतला राहिला नव्हता. 'दिलगीर' या शब्दावर ते अडखळले.

"पुन्हा," मी म्हणाले.

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही.

मला त्यांची दया आली का? त्या खोलीत मी स्वतःला हे खरंच विचारून पाहिलं. आली नाही. आईला त्या पंगतीत हसावं लागलं होतं तेव्हाचा तिचा चेहरा मला दिसत होता, आणि त्याच्या शेजारी हा चेहरा मी ठेवून बघत होते.

बाहेर व्हरांड्यात सरांनी मला गाठलं.

"माझा विश्वास वापरलास तू, निकिता."

"हो, सर."

"वाईट वाटतंय?"

"तुमच्यापुरतं."

ते निघून गेले. त्यांनी अजून माझा फोन घेतलेला नाही.

संध्याकाळी मी 'दिवटी'च्या कचेरीत जाऊन पान लावणाऱ्या माणसाच्या मागे उभी राहिले, चौकट छापायला जाईपर्यंत. जिन्यातला तो कोपरा तसाच होता.

सकाळी अंक आईपुढे ठेवला तेव्हा ती भाजी निवडत होती. पहिल्या पानावर, डाव्या हाताला, काळ्या चौकटीत मथळा होता: 'दिलगिरी'. आईनं मेथीची जुडी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि वाचलं. वरच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की सविता बोराडे यांनी शाळेत मुलांना उपहार दिला होता, 'अपहार' हा शब्द 'दिवटी'ची चूक होती, आणि त्यांना झालेल्या त्रासाबद्दल 'दिवटी' दिलगीर आहे. खालच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की राज्यपालांच्या भाषणात 'उपहार'ऐवजी 'अपहार' हा शब्द टायपिस्ट निकिता बोराडे यांच्या नजरचुकीनं आला.

"हे खाली तुझं नाव?"

"टायपिंगची चूक झाली."

"तुझ्याकडून?"

"तसं छापलंय."

आईनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. उत्तर आधी लिहून निरीक्षणं मागाहून भरणाऱ्या मुलांकडे ती असं बघायची.

"म्हणजे वरचं खरं आणि खालचं खोटं."

"हो."

"नोकरीवर काही येईल का तुझ्या?"

"विचारतील. सांगेन काहीतरी."

तिनं पुन्हा एकदा वाचलं. मग अंकाची घडी घातली, लहान, आणखी लहान, पर्समध्ये मावेल अशी.

"गोटीराम अजून आहे का गं शाळेत?"

"असेल. का?"

"साडी बदलते मी. निफाडच्या गाडीनं जाऊ."

नाशिकरोडला तिनं जिलबी घेतली. चांगला मोठा खोका. दुकानदारानं विचारलं किती माणसांसाठी, तर म्हणाली, "शाळा आहे, भरपूर द्या." बसमध्ये खोका तिनं मांडीवर धरला होता. पाक कागदातून झिरपून साडीला लागला, तरी तिनं तो माझ्याकडे दिला नाही.

मधली सुट्टी झाली होती. व्हरांड्यात शाळेचा वृत्तपत्र फलक आणि त्यासमोर गोटीराम, आजचा 'दिवटी' टाचणीनं लावत असलेला. केस पिकले होते. आईला बघून त्याला आधी ओळख पटली नाही. मग खोका दिसला, आणि जुनी सवय तोंडात आली असावी, कारण तो हसला.

"बाई! लय वर्सांनी! डबा झाकू का?"

"उघड," आई म्हणाली. "पोरांना बोलाव सगळ्या. आणि ते डावीकडचं वाच, त्यांना ऐकू जाईल असं."

पोरं जिलबीच्या वासानं आपोआप गोळा झाली. खिडकीतून दोन शिक्षक डोकावले. गोटीरामनं फलकाकडे तोंड केलं. वर बघितलं, आईकडे बघितलं, घसा खाकरला.

"दिल... गिरी," तो वाचून थांबला. "झालं, बाई?"

"नाही," आई म्हणाली. "मथळ्याखालचंही वाच."